गाडी जपावी की चालवावी?

ज्याच्यापाशी काही नाही त्याला एकच काळजी असते, ते मिळवावे कसे. ज्याच्या पदरी एखादी चांगली वस्तू पडली त्याच्यामागे दुसरी काळजी लागते, ती राखावी कशी. शास्त्रकारांनी या दोहोंस नावे दिली आहेत. न मिळालेले मिळणे तो योग, मिळालेले सांभाळणे तो क्षेम. पण या दोहोंच्या आड एक तिसरा प्रश्न दडलेला असतो आणि तो पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. जी वस्तू वापरली की झिजते, आणि न वापरली तर असून नसल्यासारखी होते, तिचा क्षेम कशात मानावा? झिजू न देण्यात, की कामी लावण्यात?

हा विचार आज मांडण्यास एका पत्राचे निमित्त झाले. पत्र सातारा जिल्ह्यातील एका वारकरी गृहस्थांचे, वयाने ते आमच्याच बरोबरीचे. त्यांचा थोरला मुलगा इंग्लंडात कॉव्हेंट्री गावी इंजिनिअर आहे. त्याच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज जोडपे राहत असे. यजमानांची सारी नोकरी मोटारीच्या कारखान्यात झालेली. त्यांनी १९८९ साली 'प्यूजो २०५ जीटीआय' नावाची गाडी नवी कोरी घेतली, काही वर्षे हौसेने चालवली, आणि पुढे अशा गाड्या कमी होत चालल्या असे दिसताच गॅरेजात घालून वर कापड टाकले. "निवृत्त झालो की दोघे मिळून हिच्यातून फ्रान्सला जाऊ, जिथे ही घडली त्या गावापर्यंत," असे ते बाईंना म्हणत. निवृत्त झाले. मग गुडघे धरले, मग आजार आला, मग ते गेले. गाडी कापडाखालीच राहिली. पुढे त्या बाईंनी ती शेजारच्या या मुलास अगदी बेताच्या पैशांत दिली आणि जाता जाता एवढेच सांगितले, "हिला उभी ठेवू नकोस."

आता मुलगा पेचात पडला आहे. जुन्या गाड्यांचे व्यापारी भरपूर पैसे देऊ करतात. गाडीशौकीन मित्रांत दोन तट आहेत. एक म्हणतो, घड्याळात २२,००० मैलही भरलेले नाहीत, हिला हात लावू नकोस. दुसरा म्हणतो, गाडी ती गाडी, चालव. सूनबाई म्हणतात, विका आणि घराचे कर्ज हलके करा. वडील लिहितात, "बुवा, पोरगा मला विचारतो. मी जन्मात बैलगाडी, सायकल आणि एस. टी. यापलीकडे वाहन जाणले नाही. मी त्याला काय सांगू?"

कोणी म्हणेल, पायी चालणाऱ्यांच्या मासिकात मोटारीचा प्रश्न कशाला? अहो, वस्तू परकी असेल, पण तिच्याभोवती जे मन गुंतले ते तुमच्या-आमच्यासारखेच आहे. म्हणून हा प्रश्न आम्ही पाठशाळेत शिकलो त्या मीमांसकांच्या रीतीने मांडतो. आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी निर्णय.

विषय

ही गाडी आहे तरी काय? आपल्याकडील मारुती ८०० पुष्कळांनी पाहिली आहे. लहानसे अंग, मागे डिकीऐवजी वर उघडणारे दार. अशा आकाराच्या गाडीला तिकडे हॅचबॅक म्हणतात. तिच्या अंगात मोठे बळ भरले की ती 'हॉट हॅच' झाली. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 'गोल्फ जीटीआय' मांडली व १९७६ पासून ती विकू लागली. कंपनीस वाटले होते की फार तर ५,००० खपतील. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक खपल्या. मग इतर कंपन्याही या वाटेने आल्या. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची २०५ जीटीआय १९८४ साली आली. तिचा १.९ लिटरचा थोरला प्रकार १९८६ साली निघाला. त्याच्या इंजिनात १३० घोड्यांचे बळ, आणि गाडीचे वजन अवघे ९०० किलोच्या आसपास. हलके अंग आणि मोठे बळ, मग ती धावते कशी ते निराळे सांगायला नको.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही गाडी राजवाड्यासाठी घडलेली नव्हती. सकाळी पोरांना शाळेत सोडावे, दुपारी बाजार आणावा, आणि रविवारी त्याच गाडीने डोंगरातल्या वळणांवरून मजेत जावे, असा तिचा बेत होता. मध्यम मिळकतीच्या माणसाला परवडणारी आणि रोज वापरायची, हेच तिचे वैशिष्ट्य.

मग ती दुर्मिळ का झाली? २०५ या जातीच्या सगळ्या मिळून पन्नास लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांत जीटीआय थोड्या, तरी त्याही पुष्कळ होत्या. पण इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात, त्या मिठाने पत्रा गंजतो. काही गाड्या वेगाच्या धुंदीत आपटल्या. काही चोरीस गेल्या. त्या काळी अशा गाड्या चोरून रात्री रस्त्यावर कसरती करण्याचे वेडच पसरले होते. ऑक्सफर्डमधील ब्लॅकबर्ड लीज या वस्तीत १९९१ साली त्यावरून दंगा झाला, आणि १९९२ साली ब्रिटिश पार्लमेंटला अशा चोरट्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. विम्याचे हप्ते इतके चढले की तरुणांना गाडी ठेवणे जड झाले. आणि एक काळ असा आला की या गाड्या जुन्या व स्वस्त झाल्या, तेव्हा त्या लोकांनी भंगारात घातल्या. जिन्नस मुबलक असतो तेव्हा त्याची कदर नसते. तो संपत आला की आपण कुलूप शोधतो!

संशय

तेव्हा संशय असा. अशा उरलेल्या थोड्या गाड्यांपैकी एक ज्याच्या हाती आली, त्याने ती जशीच्या तशी राखून ठेवावी, की जिच्यासाठी ती घडली त्या कामी लावावी?

पूर्वपक्ष

पूर्वपक्ष दुबळा करून खोडणे हे पंडिताचे लक्षण नव्हे. तेव्हा जपणाऱ्याची बाजू आधी भक्कम मांडू.

तो म्हणतो, कारखान्यातून निघालेला मूळ रंग, मूळ शिलाई, मूळ खिळा एकदाच असतो. गाडी नवी करून घेता येईल, पण पहिली करून घेता येणार नाही. जुन्या पोथीवर पाण्याचा डाग पडला, तर नव्या कागदावर तीच अक्षरे लिहून काढता येतात, पण लेखकाचा हात परत येत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत हस्तलिखिते राखून ठेवली आहेत व वाचणारे बहुधा छापील प्रत वाचतात, ते याचसाठी. प्यूजो कंपनीनेही सोशो गावी १९८८ साली आपल्या जुन्या वाहनांचे संग्रहालय उघडले. साक्षीदार जिवंत राहिला तर पुढच्यांना खरे कळते.

तो आणखी म्हणतो, ही गाडी वागवायला सोपी नाही. हिची एक खोड प्रसिद्ध आहे. वळणावर वेगाने शिरावे आणि मध्येच भिऊन अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढावा, की मागचा भाग बाहेर झेपावतो आणि गाडी फिरते. आजच्या गाड्यांत अपघातात जीव वाचवणारी जी साधने असतात, त्यांतली बहुतेक हिच्यात नाहीत. एक क्षण चुकला की गाडी गेली, आणि कदाचित माणूसही. शिवाय नुसत्या मौजेसाठी तेल जाळणे आजच्या काळात शोभते का?

आणि शेवटी तो रामायणाचा आधार देईल. जनकाच्या घरी शिवधनुष्य होते. ते देवांनी त्याच्या पूर्वजाकडे न्यास म्हणून ठेवले होते, न्यास म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. पिढ्यान्‌पिढ्या ते पेटीत राहिले, त्याची पूजा होत राहिली. कोणी ते शिकारीला नेले नाही. म्हणून तर ते रामाच्या हातापर्यंत पोहोचले!

उत्तरपक्ष

आता उत्तर ऐका. पहिली गोष्ट, उभी ठेवलेली गाडी जशीच्या तशी राहते ही समजूतच खोटी आहे. कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला विचारा. पेट्रोल शिळे होऊन त्याचा चिकट थर इंजेक्टरमध्ये बसतो. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते, आतून गंज चढतो आणि ब्रेक जाम होतात. रबरी नळ्या व सील वाळून चिरतात. एकाच जागी भार राहून टायर चपटतात. बॅटरी उतरते. इंजिनातला टायमिंग बेल्ट तर मैल न भरताही नुसत्या वयाने कुजतो, आणि तो चालत्या इंजिनात तुटला तर इंजिनाचा घात होतो. उंदीर गादीत घर करतात आणि तारा कुरतडतात. कित्येक जण मनाच्या समाधानासाठी महिन्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करतात. ते तर त्याहून वाईट. इंजिन पुरते तापत नाही, जळणातून झालेले पाणी सायलेन्सरमध्ये व तेलात साचते, आणि आतून कुजणे सुरू होते. म्हणजे कापडाखाली जी दिसते ती गाडीची कांती. आतला प्राण रोज थोडा थोडा जात असतो.

भर्तृहरीने नीतिशतकात धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत, दान, भोग आणि नाश. जो देत नाही आणि भोगतही नाही, त्याचे धन तिसऱ्या वाटेला लागते. कापडाखालची गाडी त्या तिसऱ्या वाटेवरच असते. वाट संथ आहे म्हणून ती दिसत नाही, एवढेच.

आमच्या व्यवसायातलीच गोष्ट घ्या. पखवाज वर्षभर खुंटीवर टांगून ठेवा आणि एकादशीला काढा. पुडी बसलेली असेल, वादी ढिली झालेली असेल, आणि ऐन कीर्तनात तो दगा देईल. रोज हात पडणारा पखवाज झिजतो खरा, पण बोलतो. घरातल्या बायकांनाही हे ठाऊक आहे. पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवली की घडीवरच चिरते. म्हणून जाणती आजी ती अधूनमधून काढते, घडी मोडते, सणावारी नेसते.

दुसरी गोष्ट मोलाची. वेल्सची राजकन्या डायना १९८५ ते १९८८ या काळात अशीच एक हॉट हॅच स्वतः चालवीत असे, 'फोर्ड एस्कॉर्ट आरएस टर्बो'. त्या जातीच्या गाड्या सहसा पांढऱ्या रंगाच्या निघत. हिची मात्र लोकांच्या नजरेत भरू नये म्हणून कंपनीने काळ्या रंगाची करून दिली, आणि शेजारी बसणाऱ्या रक्षकासाठी आत आणखी एक आरसा बसवला. २०२२ सालच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात तिचा लिलाव झाला, बोली ६,५०,००० पौंडांवर थांबली. आता सांगा पाहू, हे मोल कशाचे? न चालवल्याचे? छे! राजघराण्यातल्या एका तरुण बाईने ती बाजारात नेली, मैत्रिणींकडे नेली, त्या चालवण्याचे हे मोल. तिच्या घड्याळात सुमारे २५,००० मैल होते. ते मैल पुसून टाका, म्हणजे ती गाडी इतर गाड्यांसारखीच झाली.

तिसरी गोष्ट महाभारतातली. अठरा दिवसांचे युद्ध संपले. श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणाले, "आज तू आधी रथातून उतर." अर्जुन उतरला, मग देव उतरले, आणि पाहता पाहता रथ जळून भस्म झाला. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी तो कधीचाच दग्ध झालेला होता. काम शिल्लक होते आणि सारथी जागेवर होता, तोवर तो उभा राहिला. देवाला तो रथ हस्तिनापुरात मांडून ठेवता आला नसता का? पण रथाची सार्थकता रणात होती, आणि ती पुरी झाली होती.

मग जनकाच्या धनुष्याचे काय? तो दाखला आम्ही टाकून देत नाही. पण नीट पाहा. जनकाने ते नुसते राखले नाही. पेटी उघडी करून त्याने ते एकेका राजापुढे मांडले, "उचला, दोरी चढवा" म्हणून. त्याचे राखणे योग्य हाताची वाट पाहणारे होते. त्याला कधीच कोणाचा हात लागू नये, असा त्याचा हेतू असता, तर विश्वामित्रांनी मागताच त्याने ते बाहेर काढलेच नसते. तेव्हा हा दाखला सुद्धा पुरता जपणाऱ्याच्या बाजूचा नाही.

खरा शत्रू कोण

इथवर आलो की ध्यानात येते, जपणारा आणि चालवणारा हे खरे वैरी नव्हतच. दोघांचेही वस्तूवर प्रेम आहे. दोघांच्या मध्ये शिरून भांडण लावणारा तिसराच आहे, आणि त्याचे नाव भाव. गाडी जपतो असे म्हणणाऱ्या पुष्कळांचे लक्ष गाडीकडे नसते. ते लिलावाच्या पुढच्या आकड्याकडे असते. मैल वाढला की पैसा उतरला, असा त्यांचा हिशेब.

पण दुर्मिळपणाचा भाव किती कच्च्या धाग्यावर टांगलेला असतो, याचेही एक उदाहरण याच जातीच्या गाड्यांत आहे. फ्रान्सच्या रेनो कंपनीने १९९३ साली 'क्लिओ विल्यम्स' काढली. निळा रंग, सोनेरी चाके, आणि आत क्रमांकाची पट्टी. ३,८०० च काढणार असे सांगितले होते, म्हणून लोकांनी त्या हौसेने घेतल्या. मागणी पाहून कंपनीने आणखी काढल्या, मग दुसरी आवृत्ती काढली, मग तिसरीही. एकंदर संख्या १२,००० च्या वर गेली. पहिल्या खरेदीदारांना फार वाईट वाटले. आता विचार करा. त्यांच्या दारातल्या गाडीचा एक खिळा तरी बदलला होता का? तेच इंजिन, तीच चाके, तेच वळण. बदलली ती शेजाऱ्याच्या दारातली संख्या. ज्याने ती चालवण्यासाठी घेतली होती त्याचे काहीच गेले नाही. ज्याने ती क्रमांकासाठी घेतली होती त्याचे पुष्कळ गेले.

म्हणून आम्ही दोन कसोट्या सांगतो. जपणाऱ्याने स्वतःला विचारावे, उद्या या गाडीची किंमत शून्य झाली, तरी मी हिच्यावर असेच कापड घालीन का? घालीन असे उत्तर आले, तर ते जपणे खरे. चालवणाऱ्यानेही विचारावे, रस्त्याला एकही माणूस बघायला नसला, तरी मी हिला बाहेर काढीन का? काढीन असे उत्तर आले, तर ते चालवणे खरे. नाहीतर एकाचे जपणे हा व्यापार आणि दुसऱ्याचे चालवणे हा मिरवण्याचा सोस. व्यापार करणे पाप नाही बरे का, पण त्याला प्रेमाचे नाव देऊ नये.

निर्णय

आता निर्णय. सरसकट एकच विधान येथे लागू पडत नाही. वस्तूचे स्वरूप पाहून अधिकार ठरतो.

एखादी गाडी आपल्या जातीची एकटीच उरली असेल, पहिली असेल, किंवा जिच्यावाचून इतिहासाचा दुवा तुटेल अशी असेल, तर ती एका माणसाची राहत नाही. ती न्यास झाली. ठेव ठेवणाऱ्याची आज्ञा नसता ठेवीचा भोग घेऊ नये, हा धर्म आहे. तिने संग्रहालयात जावे, आणि तिथेही जाणत्या हातांनी तिचे इंजिन मधूनमधून फिरते ठेवावे.

पण जिच्या बहिणी अजून रस्त्यावर आहेत, जिचे सुटे भाग मिळतात, जी बिघडली तर दुरुस्त होऊ शकते, तिने चालावे. मात्र चालावे म्हणजे उधळावे असे नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक संघाने, त्याला फिवा म्हणतात, ऐतिहासिक वाहनाची जी व्याख्या केली आहे ती आम्हांस फार समंजस वाटली. वय निदान ३० वर्षे, मूळ रूपात राखलेले, आणि रोजच्या ये-जा करण्याच्या कामी न लावलेले. त्याच संघाचे ब्रीद मात्र असे की कालची वाहने उद्याच्या रस्त्यावर असावीत. रस्त्यावर असावीत, गोदामात नव्हे. राखणे आणि चालवणे यांचा मेळ असा घालता येतो. आणि तेल जाळण्याचा आक्षेप? तो खोटा नाही, म्हणून तर मर्यादा हवी. वर्षाकाठी काही थोडे मैल, आणि रोजच्या कामाला पाय, सायकल किंवा आगगाडी, एवढे व्रत गाडीवाल्याने पाळावे.

आता त्या मुलाची गाडी कोणत्या वर्गातली? ती एकटी नाही. तिच्या जातीच्या अजून आहेत. आणि दुसरी गोष्ट तिच्याहून मोठी, ती त्याच्याकडे ठेव म्हणून आलेली नाही. दात्याने ती एका शब्दासह दिली आहे, "उभी ठेवू नकोस." दान घ्यावे आणि दात्याचा संकल्प टाकावा, हे धर्मात बसत नाही. त्या बाईंनी पैसे थोडे घेतले, ते का? व्यापाऱ्याचा भाव त्यांना कळत नव्हता असे थोडेच आहे! उरलेली किंमत त्यांनी या शब्दात घेतली. गाडी कुलपात घातली, तर ती किंमत बुडवल्यासारखे होईल.

सूनबाईंचे म्हणणेही हलके समजू नये. घरावर कर्जाचा बोजा खरोखर असह्य झाला असेल, मुलांच्या तोंडचे किंवा शिक्षणाचे काढून गाडीला द्यावे लागत असेल, तर गृहस्थाचा पहिला धर्म घर हा आहे. मग गाडी बेलाशक विकावी. पण चार पैसे कमी आले तरी चालवणाऱ्याला विकावी, आणि विकण्याआधी त्या बाईंच्या दारी जाऊन सांगावे. कर्ज नेहमीसारखे चालले आहे आणि नुसता मोठा आकडा पाहून मन हलले आहे, असे असेल तर विकू नये. गरज आणि हाव यांतला फरक दुसऱ्याला सांगता येत नाही. तो नवरा-बायकोने रात्री दिवा मालवल्यावर एकमेकांना विचारायचा असतो.

ठेवायची ठरली तर कसे वागावे, तेही सांगतो. इतकी वर्षे उभी असलेली गाडी एकदम रस्त्यावर आणू नये. आधी टायमिंग बेल्ट, ब्रेक, रबरी नळ्या, टायर आणि टाकीतले शिळे पेट्रोल, एवढे जाणत्या मिस्त्रीकडून बदलून घ्यावे. काढलेला मूळ भाग टाकून न देता नाव लिहून पेटीत ठेवावा, म्हणजे जपणाऱ्याचाही मान राहतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नेहमीच्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. तेव्हा कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल घालावे. रस्त्यावर मीठ पडले की गाडी घरात. एरवी पंधरवड्यातून एकदा तरी इंजिन पुरते तापेल इतके अंतर जावे. वळणावर तिची खोड लक्षात ठेवावी. वेग वळणाच्या आधी कमी करावा, आणि आत शिरल्यावर पाय डगमगू देऊ नये. बेताने शिरणे आणि शिरल्यावर न घाबरणे, हे जाणणाऱ्याला ती इजा करीत नाही.

आणि एक काम आधी करावे. ज्या गावी त्या वृद्धाला जायचे होते ते म्युलूज गाव फ्रान्सच्या पूर्व सीमेजवळ आहे. २०५ तिथल्या कारखान्यात घडत असे. त्या बाईंची प्रकृती साथ देत असेल आणि मन होत असेल, तर मुलाने त्यांना शेजारच्या आसनावर बसवून तिथवर घेऊन जावे. मागच्या आसनावर सूनबाई बसतील. यजमानांनी निवृत्तीपर्यंत राखून ठेवलेला तो प्रवास अजून कापडाखालीच आहे. गाडीवरचे खरे कर्ज हेच, आणि ते पैशाने फिटणारे नाही. जाण्या-येण्यात घड्याळात हजारभर मैल चढतील. चढू द्यावेत.

वाचकहो, त्या इंग्रज गृहस्थाने काही वाईट केले नाही. कष्टाच्या पैशाने गाडी घेतली आणि प्रेमाने राखली. त्याची चूक एकच, चांगला दिवस पुढे आहे असे तो धरून चालला. आपल्यातले किती तरी जण असेच चालतात. चांगले भांडे पाहुण्यासाठी, चांगले लुगडे लग्नासाठी, चांगला शब्द पुढच्या भेटीसाठी. उपनिषदाने या देहालाच रथ म्हटले आहे, आणि आत रथी बसला आहे असे सांगितले आहे. रथ धुवावा, पुसावा, त्याच्या आसाला वंगण द्यावे. पण पाय झिजतील म्हणून वारी पुढल्या वर्षावर टाकणाऱ्याचे पाय शाबूत राहतात आणि वर्षे निघून जातात. म्हणून त्या वारकरी बंधूंना आमचे सांगणे एवढेच की मुलाला लिहा, गाडी नीट कर, जपून चालव, आणि या उन्हाळ्यातच चालव.